भिंत आधी, गेम नंतर : मुलांना इनडोअर क्लाइंबिंगच्या आर्केडमध्ये नेताना

रविवारी दुपारी मॉलमधल्या एखाद्या फॅमिली आर्केडमध्ये क्लाइंबिंगच्या भिंतीखाली अर्धा तास उभं राहून बघा. मूल पोटभर पिझ्झा खाऊन, तासभर बास्केटबॉल आणि एअर हॉकी खेळून घामट हातांनी भिंतीपाशी येतं. हार्नेस, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायचे सुरक्षेचे पट्टे, चढवेपर्यंत स्लॉटमधली दहा मिनिटं गेलेली असतात. पाच-सहा होल्ड (भिंतीवर बसवलेले, हात-पाय ठेवायचे प्लॅस्टिकचे उंचवटे) चढल्यावर हात भरून येतात, मूल खाली बघतं आणि रडायला लागतं. खालून आवाज येतो, "अरे, एवढे पैसे भरलेत, जा ना वर!" घरी जाताना मुलावर शिक्का बसतो : याला उंचीची भीती वाटते.

अशा दहा मुलांपैकी किती जणांना खरंच उंचीची भीती असते ते मला सांगता येणार नाही, पण दिवसाचा क्रम दहाही जणांचा चुकलेला असतो. चढायला ताजे हात लागतात, हलकं पोट लागतं आणि लक्ष ठिकाणावर लागतं. आर्केडच्या दिव्यांत आणि आवाजात तासभर घालवला की तिन्ही गोष्टी संपतात. म्हणून भिंत आधी, गेम नंतर, खाणं सगळ्यात शेवटी. पुढचे सगळे टप्पे या क्रमानेच लिहिले आहेत. कृपा करून त्यात अदलाबदल करू नका.

## टप्पा १ : घरातून निघण्याआधी एक फोन

वेबसाइटवर फोटो असतात, दर असतात, पण आपल्याला लागणारी माहिती बहुतेक वेळा नसते. फोन करा आणि एवढं विचारा :

- भिंतीसाठी वेगळा स्लॉट घ्यावा लागतो का? किती मिनिटांचा? सूचना देणं आणि हार्नेस घालणं त्याच वेळात धरतात की आधी?
- किमान वय, उंची आणि वजन किती?
- भिंत दोरावर चढायची आहे की बिनदोराची बुटकी, की दोन्ही?
- बूट चालतात का, कसले? सॉफ्ट प्ले (लहानग्यांची मऊ गाद्यांची खेळायची जागा) किंवा ट्रॅम्पोलिनसाठी ग्रिपचे मोजे वेगळे घ्यावे लागतात का? घरचे जुने चालतील का?
- मोठ्या माणसाला चढता येतं का, आणि नुसतं बघणाऱ्याचंही तिकीट लागतं का?
- सांगितलेला दर करासकट आहे का?

वजनाचा प्रश्न नुसता नियमापुरता नाही. अशा ठिकाणी बहुधा ऑटो-बिले नावाचं यंत्र भिंतीच्या माथ्यावर बसवलेलं असतं. त्याच्या पट्ट्याच्या टोकाचा हुक आपल्या हार्नेसला लावतात. आपण चढतो तसा तो पट्टा आपोआप वर गुंडाळला जातो आणि आपण हात सोडले की ते आपल्याला सावकाश खाली आणतं. बऱ्याच यंत्रांना किमान १० किलो वजन लागतं. केंद्रं स्वतःची मर्यादा त्याहून वर ठेवतात आणि ते बरोबरच आहे, कारण फार हलकं मूल नीट खाली येत नाही, वरच लोंबकळत राहतं. म्हणून अडीच-तीन वर्षांच्या धाकट्यासाठी काउंटरवर "जाऊ द्या हो, एकदाच" म्हणून गळ घालू नका. त्याला सॉफ्ट प्लेमध्ये सोडा.

वार निवडता आला तर शाळा असलेला दिवस घ्या. रविवारच जमणार असेल तर सकाळचा पहिला स्लॉट घ्या. पावसाळ्यातल्या रविवारी दुपारनंतर मॉलमध्ये खूप गर्दी असते. त्या वेळी भिंतीजवळचा एक मुलगा पाच-सहा जणांचे हार्नेस एकटा बांधत असतो आणि त्याचं लक्ष विभागलेलं असतं.

थांबा : मुलाचा हात किंवा पाय अलीकडे मोडला असेल, खांदा निखळण्याचा त्रास असेल, नुकती शस्त्रक्रिया झाली असेल किंवा फिट येत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर बाईने हार्नेस घालूच नये. फिट येणाऱ्या मुलाला आर्केडमधल्या लखलखत्या दिव्यांचाही त्रास होऊ शकतो, हेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

## टप्पा २ : आदल्या रात्रीची तयारी

नखं. हाताची आणि पायाची, दोन्ही कापा. होल्डवर नख अडकून मुळापासून दुखावतं आणि त्या मुलाचा सगळा दिवस जातो.

कपडे. ट्रॅक पँट किंवा लेगिंग्ज, आणि खोचता येईल एवढा लांब टी-शर्ट. हार्नेसचे पट्टे मांड्यांवर आवळतात, त्यामुळे आखूड चड्डी किंवा फ्रॉक असेल तर कातडीला वळ उठतात. जीन्समध्ये गुडघा वर उचलत नाही. कुर्ता, ओढणी, हुडीच्या नाड्या यांतलं काही नको.

बूट. पातळ तळाचे, पायाला घट्ट बसणारे. शाळेच्या पीटीचे कॅनव्हासचे बूट जाड तळाच्या महागड्या स्पोर्ट शूजपेक्षा चांगले, कारण पायाखालचा होल्ड जाणवतो. क्रॉक्स आणि सँडल नकोत. पावसाळ्यात हे बूट पिशवीतून न्या आणि तिथे गेल्यावर घाला. ओला तळ प्लॅस्टिकच्या होल्डवरून सटकतो आणि तो पुसून तेवढ्यात वाळत नाही.

दागिने आणि दोरे. अंगठ्या, बांगड्या, कडं, कानातले लोंबते डूल, गळ्यातली साखळी हे सगळं घरीच काढून ठेवा. मोठ्यांनीही. अंगठी होल्डमध्ये किंवा बोल्टच्या कडेला अडकली आणि वजन खाली आलं तर बोटाची कातडी सोलून निघते. ही कल्पना नव्हे, गिर्यारोहकांना चांगली माहीत असलेली दुखापत आहे. आपल्याकडच्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात येत नाही, ती म्हणजे करदोटा. नुसता दोरा असेल तर काही होत नाही, पण त्यात ताईत किंवा चांदीचा मणी असेल तर तो नेमका हार्नेसच्या कमरपट्ट्याखाली येतो आणि खाली उतरताना कातडीत रुततो. माझ्या मुलाच्या कमरेवर आठवडाभर वाटाण्याएवढा काळानिळा डाग होता आणि तो कशामुळे झाला हे कळायला मला दोन दिवस लागले.

केस. लांब केसांची घट्ट वेणी घाला आणि ती टी-शर्टच्या आत सोडा. मोकळे केस समोरच्या पट्ट्यात आणि हुकात अडकतात. त्या सकाळी डोक्याला तेल नको. मूल कपाळावरची बट मागे सारतं आणि तोच तेलकट हात होल्डला लावतं.

खाणं. निघण्याआधी दीड-दोन तास पोहे, उपमा किंवा केळं-दूध. कमरेला पट्टा आवळून लटकायचं आहे, त्यामुळे भरल्या पोटी मळमळतं. अगदी उपाशीही नेऊ नका. पाण्याची बाटली हवीच.

चष्मा असेल तर मागून बांधायची दोरी घ्या. दमा असेल तर पंप खाली थांबणाऱ्या माणसाच्या हातात असू दे, लॉकरमध्ये नको.

## टप्पा ३ : पोचल्यावर पहिली वीस मिनिटं

स्लॉटच्या अर्धा तास आधी पोचा आणि सरळ भिंतीपाशी जा. वाटेत सगळे गेम मुलाला बोलावत असतात, म्हणून घरीच सांगून ठेवा : "आधी चढायचं, मग गेमचं कार्ड." मुलं हे ऐकतात. काउंटरवर उभं राहून ठरवायला गेलात तर मात्र ऐकत नाहीत.

संमतिपत्र वाचून सही करा. त्यात वजन, आजार आणि वय खरं लिहा. शेजाऱ्यांच्या मुलांना घेऊन गेला असाल तर त्यांच्या आई-बाबांना तो फॉर्म आधी व्हॉट्सअॅपवर पाठवा. बऱ्याच ठिकाणी पालकांचीच सही लागते आणि बिचारं मूल बाहेर बसून राहतं.

मग सगळ्यांना बाथरूमला नेऊन आणा. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण हार्नेस चढवल्यावर दहाव्या मिनिटाला कुणाला तरी जायचंच असतं. तो काढला, घाईने पुन्हा घातला, आणि दुसऱ्या खेपेला तपासला कुणीच नाही, असं हटकून होतं.

उरलेल्या वेळात दुसरी मुलं कशी चढतात-उतरतात ते खाली उभं राहून बघू द्या. आपलं मूल पाच जणांना हात सोडून अलगद खाली येताना बघतं, तेव्हा अर्धं काम होऊन जातं. तेवढ्यात तुम्ही भिंत बघून घ्या. खाली मॅट सलग आहे का, फटी आहेत का? होल्ड हाताने हलवला तर गोल फिरतो का? फिरत असेल तर तिथल्या दादाला सांगा, तो पान्याने घट्ट करेल. ऑटो-बिलेची दरवर्षी तपासणी व्हायला हवी. "शेवटची कधी झाली?" असं सरळ विचारा. चांगल्या ठिकाणी या प्रश्नाचा राग येत नाही.

खिसे रिकामे करा. मोबाइल, किल्ली, च्युइंगगम, तोंडातलं चॉकलेट, सगळं.

## टप्पा ४ : हार्नेस

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि त्या दिसत नाहीत. हार्नेस केंद्रातल्या माणसानेच बांधायचा. पण नंतर तो तपासायचा, आणि तपासणारे तुम्ही.

दोन प्रकार असतात. एक कमरेचा : एक कमरपट्टा आणि दोन मांडीचे पट्टे. दुसरा पूर्ण अंगाचा, ज्याचे पट्टे खांद्यांवरूनही जातात आणि हुक छातीशी लागतो. लहान मुलांची कंबर अजून धड आकाराला आलेली नसते. डोकं आणि खांदे जड, नितंब बारीक. कमरेच्या हार्नेसमधून असं मूल उलटं होऊन निसटू शकतं. म्हणून पाच-सहा वर्षांच्या आणि बारीक अंगाच्या मुलांसाठी पूर्ण अंगाचा हार्नेस मागा. कमरेचाच असेल तर तो त्या मुलाला खरंच बसतो का ते पुढच्या क्रमाने बघा.

१. टी-शर्ट आत खोचलेला आहे का? पट्ट्याखाली कापडाचा बोळा नको.

२. कमरपट्टा कमरेच्या हाडाच्या वर आहे का? मुलाच्या कमरेला दोन्ही बाजूंनी हात लावा. हाडाचा उंचवटा हाताला लागतो. पट्टा त्याच्या वर, बेंबीच्या जवळपास हवा. पँटच्या पट्ट्याच्या जागी बांधलेला हार्नेस खालीच बांधलेला असतो.

३. आता पट्टा दोन्ही हातांनी धरून जोरात खाली ओढा. हाडावरून उतरला तर सैल आहे.

४. पट्टा आणि पोट यांच्यामध्ये दोन बोटं सपाट जायला हवीत. मूठ जात असेल तर आवळा.

५. मांडीचे पट्टे पिळलेले नाहीत ना? मांडीच्या वरच्या टोकाला आहेत ना? गुडघ्याकडे घसरलेले असतील तर पहिल्याच लटकण्यात मूल कळवळतं.

६. प्रत्येक बकलमधून बाहेर आलेलं पट्ट्याचं टोक किमान बोटभर लांब आहे का? बकलच्या काठाशी संपत असेल तर तो हार्नेस त्या मुलाच्या मापाचा नाही. मोठा मागा.

मागच्या वर्षी एका आर्केडमध्ये रविवारच्या गर्दीत माझ्या मुलाला हार्नेस बांधून दिला आणि "चला, पुढे" म्हणून रांगेत उभं केलं. मी पट्टा खाली ओढला तर तो सरळ नितंबांवरून घसरून मांडीपर्यंत आला. बांधणारा तरुण चांगला होता, त्याने लगेच माफी मागितली आणि पुन्हा बांधला. पण त्या दिवशी भिंतीवरच्या सहा रांगांना (एकेका यंत्राखालची चढायची वाट म्हणजे एक रांग) तो एकटाच होता. म्हणून सांगते, ओढून बघायला संकोचू नका. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

तपासा : बाथरूमला गेलं, पाणी प्यायला बसलं, "टोचतंय" म्हणून स्वतःच पट्टा सैल केला, काहीही झालं तरी सहाच्या सहा गोष्टी पुन्हा पहिल्यापासून.

## टप्पा ५ : हुक लावणं

ऑटो-बिलेवर जे गंभीर अपघात होतात त्यांचं मुख्य कारण यंत्र तुटणं हे नाही. चढणारा माणूस हुक लावायलाच विसरतो आणि वर जाऊन, आपल्याला दोर धरेल या भरवशावर, हात सोडतो. हे नवख्यांच्या बाबतीत होतं तसंच मुरलेल्यांच्या बाबतीतही होतं. तिसऱ्या-चौथ्या फेरीला, घाईत, कुणाशी तरी बोलता बोलता.

चांगल्या केंद्रात प्रत्येक रांगेच्या पायथ्याशी एक मोठं त्रिकोणी कापड असतं. रांग रिकामी असताना हुक त्या कापडाला लावलेला असतो आणि कापड भिंतीसमोर उभं ताणलेलं असतं. चढणाऱ्याने हुक स्वतःला लावला की कापड जमिनीवर पडतं. म्हणून मुलाला एकच वाक्य पाठ करून द्या : "कापड उभं असेल तर चढायचं नाही." ते उभं असताना कुणीही चढताना दिसलं, मग ते कुणाचंही मूल असो, मोठ्याने हाक मारून थांबवा.

हुक म्हणजे कॅराबिनर. तो कुठे लावतात ते नीट बघा. कमरेच्या हार्नेसला पुढे मधोमध कमरपट्टा आणि मांडीचे पट्टे जोडणारी जाड, शिवलेली कडी असते. हुक तिच्यातच हवा. बाजूला ज्या बारीक कड्या असतात त्या सामान अडकवण्यासाठी आहेत, माणसाचं वजन त्या पेलत नाहीत. मुलं स्वतःहून हुक लावायला गेली की हमखास बाजूच्या कडीत लावतात, कारण ती हाताशी येते.

हुक लावल्यावर "टक" आवाज आला एवढ्यावर थांबू नका. हुकाची उघडणारी बाजू न फिरवता दाबून बघा, उघडता कामा नये. मग यंत्राचा पट्टा हाताने हातभर खाली ओढा आणि सोडा. तो लगेच, न अडखळता वर गुंडाळला गेला पाहिजे. सैल लोंबत राहिला तर ती रांग सोडा आणि तिथल्या माणसाला सांगा.

आम्ही घरी यासाठी चार शब्द केले आहेत : कंबर, मांड्या, हुक, ओढ. प्रत्येक फेरीला मूल आपल्या हाताने त्या त्या जागेला हात लावून मोठ्याने म्हणतं. दहाव्या फेरीलाही. एरवी मी मुलांच्या मागे लागत नाही, पण इथे लागते.

थांबा : हुक काढल्यावर तो हातातून सोडायचा नाही, सरळ कापडाला लावायचा. सोडला तर पट्टा सुर्रकन माथ्यापर्यंत जातो, रांग बंद पडते, आणि वर जाताना तो जड हुक कुणाच्या तोंडावर आपटू शकतो.

## टप्पा ६ : आधी उतरायला शिकवा

पहिली फेरी वर जाण्यासाठी नाहीच. मुलाला जेमतेम स्वतःच्या उंचीएवढं चढवा, चार-पाच होल्ड. मग थांबायला सांगा आणि तिथूनच सोडायला लावा. हे तीन वेळा करा. मगच वर.

कारण चढणं मुलांना येतंच. झाडावर, खिडकीच्या गजांवर, कपाटावर ती चढतच असतात. त्यांना येत नाही ते हात सोडणं. आयुष्यभर आपण त्यांना "घट्ट धर" म्हणत आलो आणि इथे एकदम "सोड" म्हणतो.

माझी भाची आठ वर्षांची होती तेव्हा ती पहिल्याच फेरीत सरसर माथ्यापर्यंत गेली. आठेक मीटरची भिंत, म्हणजे अडीच मजले. खाली आम्ही टाळ्या वाजवतोय आणि वर ती गालाचा होल्डला टेका देऊन गोठलेली. "मावशी, मला खाली घे." दोन्ही हातांची बोटं पांढरी पडलेली खालून दिसत होती. आम्ही "सोड, सोड, काही होत नाही" म्हणत राहिलो, तशी ती आणखी घट्ट धरत गेली. शेवटी तिथली ताई शेजारच्या रांगेतून तिच्याजवळ चढून गेली आणि म्हणाली, "हात सोडू नकोस. नुसती मागे बस, शाळेच्या बाकावर बसतेस तशी." पार्श्वभाग मागे गेला, पट्टा ताणला गेला, वजन पट्ट्यावर आलं. मग ताई म्हणाली, "आता एका हाताने माझ्या हातावर टाळी दे." एक हात सुटला, मग दुसरा, आणि दोघी खाली आल्या.

तेव्हापासून मी "सोड" हा शब्दच वापरत नाही. "मागे बस" म्हणते. उतरताना पाय थोडे फाकवून भिंतीला टेकलेले, गुडघे किंचित वाकलेले, हात छातीशी. पट्टा धरायचा नाही, होल्ड धरायचे नाहीत. खाली येताना मध्येच होल्ड पकडला की अंग गर्रकन फिरतं आणि खांद्याला हिसका बसतो. टेकल्यावर दोन पावलं मागे यायचं, म्हणजे हुक काढायला जागा मिळते.

आता मोठ्यांसाठी एक सूचना, आणि ही खास आपल्या सह्याद्रीत फिरणाऱ्यांसाठी. लोणावळ्याजवळच्या नागफणीला किंवा सांदण दरीत रॅपलिंग (दोराला धरून कड्यावरून खाली उतरणं) केलेले आई-बाबा इथे आले की सवयीने एक हात मागे नेऊन दोर शोधतात, नाहीतर समोरचा पट्टा मुठीत आवळतात. रॅपलिंगमध्ये वेग आपल्या हातात असतो. इथे तो यंत्राकडे आहे. बऱ्याच यंत्रांत चुंबकाचा ब्रेक असतो : खाली येण्याचा वेग जेवढा वाढेल तेवढा अडथळाही वाढतो, म्हणून २५ किलोचं मूल आणि ८० किलोचा बाप दोघेही सावकाशच उतरतात. "लाइट गेली तर?" असं आजी हमखास विचारते. अशा ब्रेकला वीज लागत नाही, दिवे गेले तरी माणूस तसाच खाली येतो.

## टप्पा ७ : आता वर

चढण्याबद्दल थोडक्यात, कारण हे मुलं लवकर पकडतात.

- वजन पायांवर. हात फक्त तोल धरायला. हात कोपरात वाकवून अंग वर खेचत राहिलं की तीन मिनिटांत पोटऱ्यांसारखे हातही दगड होतात. थांबताना हात सरळ ठेवून लटकायचं.
- पाय अंगठ्याच्या बाजूने टेकवायचा, मधल्या तळव्याने नाही. अंगठ्यावर उभं राहिलं तर पाऊल वळवता येतं.
- हात शोधण्याआधी पाय बघायचा. खालून सांगायचंच असेल तर "उजवा पाय गुडघ्याएवढ्या पिवळ्यावर" असं सांगा. "अजून वर, अजून वर" याने काहीच कळत नाही.
- आपल्या यंत्राच्या सरळ खालीच चढायचं. शेजारच्या रांगेकडे सरकत गेलं आणि तिथून सुटलं तर झोका बसतो आणि मूल दुसऱ्या मुलावर आदळतं.
- फार भराभर चढू नये. पट्टा सैल पडल्यासारखा दिसला की थांबून तो ताणला जाऊ द्यायचा.

घाम येत असेल तर केंद्रात खडूची पावडर मिळते का विचारा. मॅग्नेशियम कार्बोनेट असतं ते, तळवे कोरडे करतं. काही जण घरून टाल्कम पावडर लावून आणतात. ती उलट घसरते. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत खडूच लागतो, तो नसेल तर साधा रुमाल.

एका फेरीनंतर तीन-चार मिनिटं विश्रांती. मूल अर्ध्यावरून परत आलं तर "कुठपर्यंत गेलास ते दाखव" म्हणा आणि तो होल्ड लक्षात ठेवा. पुढच्या फेरीला त्याच्यापुढे एकच होल्ड. खालून मोबाइलवर शूटिंग करणाऱ्याने मुलाशी बोलायचं नाही. दोन्ही कामं एकदम नीट होत नाहीत. आणि पडण्याच्या जागेत उभं राहायचं नाही.

## टप्पा ८ : बिनदोराची बुटकी भिंत

साधारण चार-साडेचार मीटरपर्यंतची भिंत, खाली जाड मॅट, दोर नाही. हिला बोल्डरिंग म्हणतात. बुटकी आहे म्हणून पालक इथे निर्धास्त होऊन खुर्ची शोधतात. मला मात्र हीच भिंत जास्त काळजीची वाटते, कारण इथे प्रत्येक वेळी खरंच जमिनीवर पडायचं असतं.

हार्नेस काढा. त्याचं बकल पडताना टोचतं.

पडायचं कसं ते मॅटवर उभं राहून शिकवा : दोन्ही पाय एकदम टेकवायचे, गुडघे वाकवायचे, मग बसकण मारून पाठीवर लोळायचं, हनुवटी छातीला, हात छातीवर दुमडलेले. हात मागे टेकवून पडणं ही सगळ्यात मोठी चूक, कारण मनगट आणि कोपर त्यानेच मोडतात. मुलाला पाचदा असं पाडा, त्यात मजाही येते.

शक्य असेल तिथे उडी न मारता उतरून खाली यायचं. आणि मॅट म्हणजे बसायची जागा नव्हे. धाकटं भावंड मॅटवर रांगत असेल तर त्याला उचलून बाहेर न्या, लगेच. वरचं मूल पडेल तेव्हा त्याला खाली बघायला वेळ नसतो.

## टप्पा ९ : हात धुवा, मग कार्ड

तीस-चाळीस मिनिटं झाली की बहुतेक मुलांचे हात संपतात. खूण सोपी आहे : पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायला सांगा. उघडत नसेल तर भिंत संपली, स्लॉट उरला असला तरी. शेवटची एक फेरी म्हणून थकल्या हाताने चढवलं की घसरणं, खरचटणं तेव्हाच होतं.

साबणाने हात धुवा. शेकडो मुलांच्या हातांचे होल्ड आहेत ते, आणि पुढे खाणं आहे. तळव्याला फोड आला असेल तर फोडू नका, पट्टी लावा.

आता आर्केडचं कार्ड. रिचार्ज करण्याआधी तीन गोष्टी विचारा : उरलेले पैसे परत मिळतात का, नाही मिळत तर किती दिवस चालतात, आणि "बोनस" म्हणून दिलेली रक्कम सगळ्या गेमना चालते की ठराविकच. बोनसच्या आशेने मोठा रिचार्ज करून अर्धं कार्ड घरी पडून राहिलेली कितीतरी घरं आहेत. लहान रिचार्ज करा, लागला तर परत करा. दोन मुलं असतील तर दोन कार्डं, आणि प्रत्येकाला रक्कम आधी सांगा. एका कार्डावर दोघं खेळली की शेवटी तिकिटं कुणाची यावर भांडण होतं.

हात थकलेले असताना बास्केटबॉल किंवा हातोड्याचे गेम देऊ नका. गाडी चालवायचे, चेंडू घरंगळवायचे गेम चांगले. एअर हॉकीच्या टेबलाच्या काठावर बोटं ठेवू देऊ नका. डॅशिंग कारला उंचीची अट असते, ती पाळा. तिकिटांच्या बदल्यात बक्षीस देणाऱ्या काउंटरवर शेवटची पंधरा मिनिटं राखून ठेवा, तिथे मुलांना निवडायला वेळ लागतो आणि तो त्यांना द्यावा.

## टप्पा १० : निघताना आणि दुसऱ्या दिवशी

लॉकर, पाण्याची बाटली, चष्म्याची दोरी, मोजे बघा. कार्डावरची बाकी विचारून फोनमध्ये लिहून ठेवा. मग जेवायला जा. आता पिझ्झा चालेल.

रात्री हार्नेसच्या जागी, मांड्यांवर आणि कमरेवर, लाल वळ असतील तर ते सकाळपर्यंत जातात. दुसऱ्या दिवशी मनगट ते कोपर हा भाग दुखेल, पेन्सिल धरायलाही जड जाईल. एक-दोन दिवसांत बरं होतं, गरम पाण्याने आंघोळ पुरते. सांध्याशी सूज असेल, एखादं बोट वाकत नसेल, मनगट हलवताना मूल ओरडत असेल तर मात्र घरी चोळत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

पुढची फेरी किमान आठवडाभराने ठेवा, आणि फोन करताना त्याच भिंतीचा सकाळचा पहिला स्लॉट मागा. मागच्या वेळी मूल ज्या होल्डपर्यंत गेलं होतं, तो त्याच्या बरोबर लक्षात असतो.